पोटात थेंब नको

माझी ओळख करून देताना लोक अजून एक गंमत करतात. "हे आमचे योगाचे सर," असं म्हणतात आणि लगेच माझ्या पायांकडे बघतात. एकदा राजुऱ्याला एका साक्षगंधात नवरदेवाच्या मामाने तर सरळच म्हटलं, "सर, थोडंसं करून दाखवा ना, पोरं पाहतीन." माझ्या हातात बुंदीची प्लेट होती. मी ती खुर्चीवर ठेवली, मांडवातच सतरंजीवर बसलो आणि उजवा पाय उचलून मानेमागे अडकवला. पोरांनी टाळ्या पिटल्या, मामाने मोबाइलवर फोटो काढला. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. माझ्या धंद्यात हा मोह वाईट, आणि तो मला भरपूर होता.

चंद्रपुरात मी वीसेक वर्षं योगाचे वर्ग घेतले. पंचावन्नाव्या वर्षी धानोरा तालुक्यातल्या गावांमध्ये वर्ग घ्यायचं काम मिळालं, तेही सहा वर्षं केलं. आता गुडघा कुरकुरतो म्हणून घरीच असतो. योगाने शरीर आणि मन कसं लवचीक होतं, याचे अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सुचवलं. चांगले अनुभव माझ्याकडे आहेत. त्यातला एक आधी सांगतो. मग जो कुणालाच सांगत नाही तो सांगतो.

त्याआधी दोन शब्द धंद्याबद्दल. लोकांना वाटतं, लवचीकपणा म्हणजे ओढून ओढून स्नायू लांब करायचे. तसं नसतं. आखडलेला स्नायू बरेचदा घाबरलेला असतो. इथून पुढे गेलो तर काहीतरी तुटेल, असं शरीराला वाटतं आणि ते दार लावून घेतं. तुम्ही ढकललंत की ते आणखी घट्ट होतं. श्वास हळू सोडत थांबलात तर बोटभर सैल सोडतं. उद्या आणखी बोटभर. शिक्षकाचं काम एवढंच, की थांबायचं आणि विचारायचं. मनाचंही असंच असतं, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की मला झोपेतही म्हणता येईल.

तर देवरावभाऊ. कोळसा खाणीत डंपर चालवायचे. अंगाने धिप्पाड, पोट पुढे, आणि पंचवीस वर्षं उंच सीटवर बसून कमरेपासून खालचं अंग लाकूड झालेलं. आल्या आल्या म्हणाले, "गुरुजी, मले ते डोक्यावर उभं राहाचं काई नको. पोरीचं लगन हाय. दोन घंटे मांडी घालून खाली बसता आलं पाह्यजे, बस."

मी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं, मग पाटावर, मग चार घड्या घातलेल्या ब्लँकेटवर. दर काही दिवसांनी एक घडी कमी. चिडायचे. "हे काई माह्यानं होत नाई, लगनात खुर्ची टाकून घेईन," म्हणून दोनदा निघून गेले आणि दोनदा परत आले. दीड महिन्यानंतर एके दिवशी सकाळी आले ते हसतच. रात्री घरी बायकोसोबत खाली बसून जेवले होते. किती वर्षांनी, ते त्यांनाही आठवेना. "बायको लाजून राह्यली होती गुरुजी," म्हणाले, आणि स्वतःच लाजले. लग्नात ते शेवटपर्यंत बसले. उठताना दोघांनी धरून उठवावं लागलं, पण तेव्हाही तोंडभर हसत होते. चंद्रपुरात मी जिथे जिथे भाषण दिलं तिथे तिथे देवरावभाऊ सांगितले आहेत.

धानोऱ्याकडे गेलो आणि माझी पहिल्याच आठवड्यात जिरली. वर्ग समाजमंदिरात, समोर पंधरा-वीस बाया. मी मोठ्या ऐटीत पुढे वाकून तळवे जमिनीला टेकवले. सगळ्या बाया वाकल्या, तळवे टेकवले आणि खालूनच विचारलं, "आता?" दर पावसाळ्यात चिखलात दिवस-दिवस वाकून धानाचा रोवणा करणाऱ्या बाया त्या. त्यांना वाकायला मी शिकवणार! त्यांचे मागचे स्नायू माझ्याहून लांब होते. अडकलं होतं ते वर. मोळ्या वाहून मान दगड झालेली, खांदे पुढे आलेले, छाती मिटलेली. त्यांना मागे वाकायला शिकवायचं होतं, आणि नुसतं पडून राहायला. शवासनात पहिल्या दिवशी एकीचेही डोळे मिटेनात. "सर, दिवसाउजेडी, बिना बिमारीचं लेटाले लाज वाटते," एकजण म्हणाली. मी हसलो. ते वाक्य नीट ऐकायला हवं होतं.

माझे नियम कडक होते. साडेपाच म्हणजे साडेपाच, उशिरा येणारीला दार बंद. बोलणं नाही. आणि पाणी नाही. उठल्यापासून वर्ग संपेपर्यंत पोटात थेंब नको. माझ्या गुरुजींनी तरुणपणी मला असंच शिकवलं होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि माझ्या बायांनी मला विचारू नये अशी माझी अपेक्षा होती. वर्गात मी बोलायचोही पुस्तकी. घरी आईशी मी त्यांच्यासारखंच बोललोय, पण वर्गात उभा राहिलो की "कृपया", "आता आपण" सुरू व्हायचं.

त्या वर्गात कौसल्याबाई यायच्या. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, गावात वजन असलेल्या. सोबत त्यांची धाकटी सून सविता. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. सविताचं अंग पाहिलं आणि मला माझ्या तरुणपणाची आठवण झाली. एकदा दाखवलं की आसन जसंच्या तसं उतरायचं. मी तिला पहिल्या रांगेत मधोमध उभी केली.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर आमचं प्रात्यक्षिक ठरलं. सोळा बाया, बारा सूर्यनमस्कार, सगळ्या एका तालात. मोठे साहेब येणार होते. पेपरात फोटो येणार होता, आणि त्या फोटोत मी कुठे उभा राहीन हेसुद्धा मी ठरवलं होतं. मैदान उघडं म्हणून डिसेंबरपासून सरावही उघड्यावर, शाळेच्या पटांगणात सुरू केला. धानोऱ्याची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, पहाटे गवतावर पाय ठेवला की पोटरीपर्यंत कळ जाते. मी स्वेटर घालून मोजायचो. बायांना स्वेटर नको, ताल दिसत नाही.

तेव्हापासून सविता मधेच थांबायला लागली. सातव्या-आठव्या नमस्काराला गुडघ्यावर हात ठेवून उभी राहायची. विचारलं तर, "काई नाई सर." एके दिवशी तर सरळ रांग सोडून शाळेच्या माठापाशी गेली आणि दोन पेले पाणी प्यायली. सगळा ताल मोडला.

मी तिला परत बोलावलं आणि पंधरा जणींसमोर उभी केली. काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. "बघा, हिचं शरीर लवचीक आहे आणि मन ताठ आहे. थोडा त्रास झाला की पळ काढायचा. अशा मनाला योग कधीच येत नाही."

कौसल्याबाई मागच्या रांगेतून हसल्या. "घरी बी असंच करते सर. काम निघालं का हिचे हातपाय दुखते."

सगळ्या हसल्या. सविताही हसली. ती परत पाणी प्यायला गेली नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सरावात ती खाली वाकली आणि उठलीच नाही. पडली वगैरे नाही. गवतावर बसली, दोन्ही मांड्या हातांनी आवळून धरल्या आणि दात दाबून नुसती हलत राहिली. जीप मिळाली, ग्रामीण रुग्णालयात नेलं. मी आणि कौसल्याबाई सोबत होतो. सलाइन लागलं. डॉक्टरबाई काय काय विचारत होत्या, सविता सासूकडे बघत "पाय मुरगळला" एवढंच म्हणत होती. डॉक्टरबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

कौसल्याबाई चहा आणायला गेल्या तेव्हा सविता माझ्याशी बोलली. दाराकडे बघत, भराभर.

"सर, मले सिकलसेल हाय. आईले नोका सांगू."

आई म्हणजे सासू. मला आजाराचं नाव माहीत होतं. आमच्या भागात कुणाला माहीत नसतं? शाळेत तपासणी होते, कार्ड मिळतं. पण कार्ड मिळालं की मुलीच्या घरचे आधी ते लपवतात. सविताच्या आईने ते धानाच्या कोठीत तळाशी खुपसून ठेवलं होतं.

"अन् नवऱ्याला?" मी विचारलं.

"त्याहिले माहीत हाय. त्याहिनं आपली बी तपासनी केली, त्याहिले काईच नाई. पन आईनं मोठ्या दिराच्या टायमाले एक पोरगी कार्डापाई वापस केली होती. म्हून आमी दोघं बोललो नाई." मग म्हणाली, "डॉक्टरनं मले सांगून ठेवलं हाय, थंडीत जाऊ नोको, पानी भरपूर पे, अंगाले जास्त ताण देऊ नोको. नाई तं असं होते."

"मग तू येत का राहिलीस?"

"तुमी सगळ्याइच्या समोर म्हटलं ना सर, मन ताठ हाय म्हून."

थंडी, ताण आणि पाणी नाही. मी महिनाभर रोज पहाटे तिला हेच तीन देत होतो, आणि त्याला योग म्हणत होतो.

डॉक्टरबाईंना मी बाहेर गाठलं. कुणाचं नाव न घेता आजाराबद्दल विचारलं. त्यांनी कागदावर पेनने एक गोल काढला. निरोगी रक्तपेशी मऊ असते, म्हणाल्या, बारीक नळीतून जाताना ती वाकते, चपटी होते आणि पलीकडे निघते. या आजारात पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि ताठ होते. वाकता येत नाही म्हणून नळीत अडकते, मागे रक्त तुंबतं, आणि तिथे जे दुखतं ते शत्रूलाही होऊ नये. शरीर कोरडं पडलं की पेशी जास्त ताठ होतात. लवचीकपणावर मी वीस वर्षं भाषणं दिली होती, आणि ती मुलगी रक्ताच्या थेंबाथेंबात कशाशी झगडत होती याचा मला पत्ता नव्हता.

इथवर मी अडाणी होतो, असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

रुग्णालयाच्या आवारात कौसल्याबाईंनी मला अडवलं. हातात चहाची थैली होती. चेहरा उतरलेला. "सर, खरं सांगा. हिले काई रोग तं नाई ना? का नाटक करून राह्यली?"

सविताचं गुपित न फोडता मला खरं बोलता आलं असतं. हे मी स्वतःशी हजारदा घोळवलंय. "कौसल्याबाई, चूक माझी आहे. एवढ्या थंडीत, उपाशीपोटी, बिनापाण्याचं मी करून घेतलं. तिला आराम द्या, पाणी पाजा, कामाला लावू नका." एवढं पुरेसं होतं. त्यात कार्ड आलं नसतं, आजार आला नसता. फक्त माझं नाव आलं असतं. पण मग गावात बोभाटा झाला असता. बायांनी सराव सोडला असता. सव्वीस जानेवारी पंधरा दिवसांवर होती.

मी म्हणालो, "तसं काळजीचं काही नाही. मनाची थोडी कमजोरी आहे. सवयीने जाईल."

मी त्या बाईचा चेहरा खुललेला पाहिला. काळजी गेली आणि तिच्या जागी राग आला. "मले वाटलंच," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी सविता घरी गेली. सरावाला मी तिला बोलावलं नाही, तिची जागा दुसरीला दिली. तेवढ्यावर मी स्वतःला भला माणूस समजत होतो. घरी काय चाललं होतं ते मला वर्गात कानावर येत होतं. नवरा कामासाठी गडचिरोलीला, आठवड्यातून एकदा यायचा. कौसल्याबाई रोज सांगायच्या, "सरायनं सांगतलं, मनाचं हाय. आता मी तिले बसूच देत नाई." जंगलात सरपणाला नेत होत्या, धानाची पोती उचलायला लावत होत्या. माझं नाव घेऊन. मी ऐकायचो आणि पुढचं आसन सांगायचो.

प्रात्यक्षिक झकास झालं. पेपरात फोटो आला.

चार दिवसांनी सविता गडचिरोलीच्या दवाखान्यात होती. या वेळी छातीत दुखत होतं, श्वास घेता येत नव्हता. रक्त द्यावं लागलं. दोन रात्री काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने आईला सगळं सांगितलं.

मी पाचव्या दिवशी गेलो. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. ती वाचल्याची खात्री करून गेलो, एवढं मात्र खरं. सविता उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे, पण डोळ्यांत जीव होता. कौसल्याबाई खाटेच्या कडेला बसून तिच्या पोटऱ्या चोळत होत्या. मला वाटलं, त्या मला सांगतील की सर, पोरीनं आम्हाला फसवलं. मी समजुतीचे चार शब्दही तयार ठेवले होते.

त्यांनी चोळणं थांबवलं नाही. वर न बघता विचारलं, "सर, तुमाले त्या दिवशी माहीत होतं?"

मी सविताकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.

"मले माहीत नोतं, म्हून मी तिले नाटकी म्हटलं. पोते उचलाले लावले. माह्या पापाले मी रडून राह्यली. तुमाले तं माहीत होतं."

"चुकलो कौसल्याबाई," म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मले नका म्हनू," त्या म्हणाल्या. "जिथी बोलले होते तिथी म्हना."

मी चाचरत म्हणालो, की बायांसमोर बोलायचं तर आजार सांगावा लागेल, गावभर होईल. तेव्हा सविता खिडकीकडून वळली. "सांगा सर. लपवून लपवून मी थकली. पन मले बिचारी म्हनू नका."

त्या वर्गापुढे हे बोलायला मला आठ दिवस लागले. रोज ठरवायचो आणि रोज नमस्कारांवर वेळ काढून परत यायचो. माणसाचं मन किती ताठ असू शकतं, ते मला त्या आठ दिवसांत कळलं, आणि ते कुणा विद्यार्थ्याचं नव्हतं. नवव्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधीच बोललो, नाहीतर पुन्हा टाळलं असतं. उभा राहिलो नाही, बायांसोबत खाली बसलो. पुस्तकी भाषाही आली नाही, आईशी बोलायचो तसं बोललो. सविताला काय आहे ते सांगितलं. मी तिला काय म्हणालो होतो आणि ते कसं खोटं होतं ते सांगितलं. दवाखान्याच्या आवारात तिच्या सासूशी काय बोललो तेही सांगितलं. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी म्हणालो, पाण्याचा नियम माझा होता, त्याला काही अर्थ नव्हता, आजपासून तो बंद. ज्याला तहान लागेल त्याने प्यावं, दुखेल त्याने थांबावं, थंडी सरेपर्यंत वर्ग उन्हं आल्यावर.

मला वाटलं होतं, रागावतील, निदान निघून जातील. मग एका म्हातारीने, जनाबाई त्यांचं नाव, आजूबाजूला पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "सर, पान्याचं तुमी मनाले लावून घेऊ नका. आमी तं सगळ्याच घरून पिऊन येत होतो. एवढ्या सकाळी तोंड कोरडं पडते ना."

दोघी-तिघींनी माना हलवल्या.

"तुमचं आयकनारी," जनाबाई म्हणाल्या, "ते एकटीच होती."